सेल्वनचे शर्ट

नडेसन अंकल गेल्याचं आंटींनी मला लिफ्टपाशी सांगितलं. माझ्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या. "झोपेतच गेले," त्या म्हणाल्या, आणि मला पहिल्यांदा सुचलं ते काय, तर... आता माफी कुणाची मागू?

सिंगापुरात बुकित पंजांगला आमचे फ्लॅट समोरासमोर. मी पुण्याची, तोंडाने फटकळ. ते जाफन्याचे, मोजकं बोलणारे. रोज संध्याकाळी आमच्याकडे चहाला यायचे आणि दाराकडे तोंड करूनच बसायचे. नॅशनल डेच्या सरावाची विमानं डोक्यावरून गेली की कप ठेवून मुकाट्याने बाथरूममध्ये जाऊन उभे राहायचे. बाहेर आले की म्हणायचे, "साखर कमी आहे, अम्मा." श्रीलंकेतलं युद्ध संपल्याची बातमी मी कधीकाळी ऑफिसच्या कँटीनमध्ये डबा खाताना पाहिली होती. संपलं म्हणे! त्या शेवटच्या दिवसांत त्यांचा धाकटा भाऊ सेल्वन हरवला. ना प्रेत मिळालं, ना पत्ता. दर दिवाळीला अंकल त्याच्यासाठी नवा शर्ट आणायचे आणि कपाटात ठेवून द्यायचे.

गेल्या वर्षी पितृपक्षात माझ्यातली शहाणी जागी झाली. म्हटलं, "अंकल, तिथी माहीत नसलेल्यांचंही आमच्यात सर्वपित्रीला करतात. पुण्याचे गुरुजी व्हिडिओवर मंत्र सांगतात. सेल्वनचं नाव घेऊ का? तुम्हालाही बरं वाटेल."

त्यांनी कप बाजूला सारला. "सगळे मला हेच सांगतात, गेला म्हण आणि मोकळा हो. तू जिवंत माणसाचं श्राद्ध घालणार?" चहा तसाच टाकून उठले.

परत आले नाहीत. माझी लेक विचारायची, "मम्मी, अंकल डोन्ट कम ऑलरेडी लाह, व्हाय?" काय सांगणार, कपाळ! लिफ्टमध्ये भेटले की माझ्यासाठी दार धरून उभे राहायचे, हसायचेसुद्धा. आणि मला समोरच्या दारापर्यंत चार पावलं जायला वर्षभर सवड झाली नाही. ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, वर्क पासचं रिन्यूअल होतं... सबबी हो सगळ्या. लाज वाटत होती, हेच खरं.

अंकल गेल्यावर, दिवाळीआधी आंटींनी ते कपाट मला दाखवलं. खालचे शर्ट सडपातळ माणसाचे, वर येता येता मापं वाढत गेलेली. "म्हणायचे, आता पोट सुटलं असेल त्याचं," आंटी हसून म्हणाल्या. मला तिथे उभं राहवेना. कुठेतरी भाऊ आपल्यासारखाच जाडा होतोय अशी त्यांची खात्री, आणि मी त्याच्या नावाने तीळ-पाणी सोडायला निघाले होते.

दुसऱ्याच दिवशी लिटिल इंडियात जाऊन निळ्या चौकडीचा शर्ट आणला आणि समोरची बेल वाजवली. "आंटी, सेल्वनसाठी." त्यांनी घडी उलगडली, कॉलरवरून बोट फिरवलं, आणि शर्ट परत माझ्या हातात दिला. मला वाटलं, झालं... पुन्हा चुकले.

"एक माप मोठा आण, अम्मा," त्या म्हणाल्या. "पन्नाशीला आला आता तो."