कुंचीचा रंग

दुपारच्या झोपेला उंबरा नसतो. रात्रीच्या झोपेकडं माणूस दिवा मालवून, दाराला कडी लावून, देवाचं नाव घेऊन रीतसर जातं. दुपारची झोप शेजारणीसारखी येते. विचारत नाही, हाक मारत नाही, येऊन उशाशी बसलेली असते.

शालनताई जेवणं उरकून चटईवर कलंडल्या आहेत. पौषातलं ऊन खिडकीच्या गजांतून उतरून त्यांच्या पावलांवर पडलं आहे. बाहेरच्या खोलीत आबा, म्हणजे त्यांचे यजमान, पेपर वाचताहेत. पान उलटल्याचा आवाज येतो, मग बराच वेळ येत नाही. शालनताई डोळे मिटतात. मिटलेल्या डोळ्यांआडही लोकरच लोकर.

कारण सकाळी त्या पुन्हा एकदा लोकरीच्या दुकानातून रिकाम्या हातानं परतल्या आहेत.

दुकान पेठेच्या वळणावरचं, कांतीशेठचं. आत एका वेळी दोन बायका मावतात, तिसरीला पायरीवर उभं राहावं लागतं. पण फळ्या छतापर्यंत, आणि फळ्यांवर लोकरीचे गुंडे आणि लडी अशा रचलेल्या, जशी कुणी होळी, दिवाळी आणि नागपंचमी एकाच भिंतीला टांगावी. याच भिंतीसमोर उभं राहून शालनताईंनी अर्ध्या पेठेच्या लेकरांसाठी रंग निवडले. गेली तीन वर्षं मात्र त्यांनी सुई हातात धरली नाही. तीन वर्षांमागं पावसाळ्यात त्यांची लेक मीनल काविळीनं गेली. लग्नाला पुरती चार वर्षं झाली नव्हती, पदरात मूल नव्हतं.

जावयानं, विश्वजितनं, वर्ष सरल्यावर दुसरं लग्न केलं. कुणी नावं ठेवावीत असं त्यात काही नव्हतं, आणि शालनताईंनी ठेवलीही नाहीत. फक्त त्या घराकडची वाट त्यांच्या पायांनी टाकली. आणि गेल्या आठवड्यात ती दुसरी, ऋतुजा, आपण होऊन दारात आली. आठवा महिना लागलेला, डोळ्यांखाली काळं. गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा टाक. त्या घरची रीतच तशी. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक घडवून गळ्यात बांधायचा, म्हणजे गेलेली शांत राहते. शालनताईंनी पाहिलं. सोनारानं पातळ पत्र्यावर एक बाई उठवली होती. दोन डोळे, एक नाक, कुणाचीही असावी अशी. ही म्हणे मीनल.

ऋतुजा पाणी प्यायली, बसली, आणि पुष्कळ आडवळणांनी तिनं सांगितलं की तिला झोप लागत नाही. सासूबाई म्हणतात, पहिलीच्या मनात काही राहिलं असेल तर बाळाला सुखानं येऊ देत नाही. म्हणून बाळाची पहिली कुंची मीनलताईंच्या आईच्या हातची असावी. डोक्यावरून पाठीवर उतरणारी, लोकरीची. उठताना तिनं एवढंच नीट विचारलं, "मीनलताई रागावल्या नसतील ना माझ्यावर?"

शालनताई कुंचीचं तेवढं बघते म्हणाल्या. आणि तेव्हापासून त्या बघताहेत. रोज सकाळी दुकानात जातात, फळ्यांकडं बघतात, आणि एकेक रंग त्यांच्या हातातून गळतो. हिरवी साडी नेसवून त्यांनी मीनलला पोचवलं. सवाष्ण गेली म्हणून कपाळभर लाल मळवट भरला. पिवळ्याचं तर नावच नको, शेवटी शेवटी लेकीचे डोळेसुद्धा पिवळे झाले होते. निळा पडदा होता दवाखान्याचा. गुलाबी? गुलाबी कुंची त्यांनी मीनलच्या बारशालाच विणली होती. मरणानं सगळे रंग उष्टे करून ठेवलेत, आणि उष्टं लेकराला कसं घालावं?

आज न राहवून त्या कांतीशेठला म्हणाल्या की कुणी वापरला नसेल असा रंग दाखवा. शेठ चष्मा पुसत म्हणाले, "ताई, लोकर माझ्याकडं कोरी मिळेल. कोरा रंग मागायचा तर वरच्या शेठकडं जावं लागतं. तिथं उधारी चालत नाही म्हणतात."

पायरीवरची बाई हसली. शालनताई हसल्या नाहीत.

ऊन पावलांवरून घोट्यांवर आलं आहे. आबांचं पान उलटतं, चर्र आवाज होतो, आणि तो आवाज कागदाचा नाही. लोकरीच्या गुंड्यावरचा पातळ कागद कुणीतरी सोडवतंय. शालनताई दुकानाच्या पायरीवर उभ्या आहेत. अनवाणी. दुकान तेवढंच आहे, पण फळ्या वर जाताहेत, छत कुठं दिसत नाही.

गादीवर कांतीशेठ नाहीत. मीनल बसली आहे.

अंगात घरातला जुना गाऊन, कोपरापर्यंत कणीक लागलेली, जणू पोळ्या टाकून मधेच उठून आली. शालनताईंची नजर आधी कपाळाकडं जाते. मळवट नाही, साधी टिकली, तीही जरा बाजूला सरकलेली. लहानपणापासून हिला टिकली मधोमध लावता आली नाही.

"बोला ताई, काय दाखवू?" मीनल म्हणते, थेट कांतीशेठच्या आवाजात.

शालनताईंना ठाऊक आहे, जाणत्या बायका सांगतातच, की स्वप्नात गेलेल्या माणसाला तू गेलीस असं म्हणायचं नसतं. म्हटलं की ते उठून जातं. त्या ओठ घट्ट मिटतात आणि म्हणतात, "कुंचीपुरती लोकर दे."

मीनल एकेक लड काढून आईपुढं टाकते. हिरवी टाकते, आई मान हलवते. लाल टाकते, आई मान हलवते. पिवळी हातात घेतल्यावर मात्र आई तोंडच फिरवते. लडी जमिनीवर पडतात आणि पडल्या पडल्या ओल्या होतात, त्यांच्यातून रंगाचे ओघळ निघतात आणि पायरीवरून खाली रस्त्यावर वाहत जातात. रस्त्यानं माणसं त्यातून चाललीत, कुणी पाय उचलत नाही, कुणाचा पाय रंगत नाही.

"सगळे नासलेत गं," शालनताई म्हणतात. "तुझ्यामागं एकही रंग धड राहिला नाही."

"मी काय रंग घेऊन गेले होय?" मीनल म्हणते. "मला तर चमचासुद्धा नेऊ दिला नाहीत."

तीच बोलली. गेले म्हणाली आणि उठून गेली नाही. शालनताईंच्या छातीवरचा दगड जरासा हलतो. मग जे इतके दिवस दळणासारखं आतल्या आत फिरत होतं ते ओठांवर येतं. कुणाला कधी ऐकवली नाही ती ओवी त्या लेकीलाच ऐकवतात:

ढगाच्या गावाला गं, वाट नाही गाडीची
लेक माझी गेली तिथं, घडी मोडून साडीची

मीनल ऐकते. कणकेचा हात गाऊनला पुसते. "चांगली होती साडी," म्हणते. "काठ जरा टोचत होते."

शालनताईंच्या पायांना ऊन लागतं. दुकानाची फरशी ओली आहे, तिच्यावर डाळीच्या पिठाचा आणि कोमट तेलाचा वास आहे, आणि ही तर परसातली न्हाणी. त्या पाटावर बसल्या आहेत, पाय लांब सोडून, आणि दोन्ही नडग्यांच्या मधल्या खोबणीत एक लेकरू निजलं आहे. ओलं, लालबुंद, मुठी आवळलेलं. शेगडीवर ओव्याची धुरी चाललीय. त्यांचे हात आपोआप कामाला लागतात. मान धरायची, पाठीवरून पाणी सोडायचं, नाकाडावरून अंगठा फिरवायचा. हातांना काही विसरायला झालेलं नाही.

"माझी मीनी," त्या म्हणतात.

"मी तर ही इथं उभी आहे," मीनल म्हणते. तांब्या तिच्याच हातात आहे, तीच पाणी देते आहे. "नीट बघ."

शालनताई बघतात. हनुवटी विश्वजितची. आणि कपाळ, ते गेल्या आठवड्यात दारात उभं होतं, घामेजलेलं. त्यांचे हात थांबतात. मांडीवरून उतरवून ठेवावं असं क्षणभर मनात येतं, पण ओलं लेकरू खाली कुठं ठेवणार?

"तिचं आहे हे," त्या म्हणतात.

"थंडी वाजतेय त्याला. पाणी घाल."

त्या पाणी घालतात. लेकरू भोकाड पसरतं, सगळं अंग आक्रसून मान वळवतं, आणि मागून ऊन त्याच्या कानावर येतं. कान पेटतो. कानाची ती इवली पाळी, आरपार उजेड. आतल्या बारीक शिरासुद्धा दिसतात, पिंपळपानावर असतात तशा.

"हा," मीनल म्हणते. "ह्या रंगाला काय म्हणतात गं?"

"अबोली," शालनताई म्हणतात. मग म्हणतात, नव्हे, अबोली जरा फिकी. गाजरी म्हणावं तर गाजरीला हा ऊबदारपणा नाही. दोघी वाकून बघतात. डाळिंबाच्या फुलाला बोट लावतात, शेंदराच्या कडेला बोट लावतात, विझत्या निखाऱ्याशी बोट नेऊन मागं घेतात. नाव सापडत नाही.

"माझे कान असे होते?"

"असेच होते. मी मुद्दाम उन्हाकडं तोंड करून बसायची."

"आणि तुझे?"

शालनताईंचा हात स्वतःच्या कानाकडं जातो. आपला कान कुणाला दिसतो? पण त्यांची आईही याच अंगानं बसली असणार, उन्हाकडं तोंड करून. आणि तिची आई. त्यांच्या ध्यानात येतं, हा रंग कुणी कुणाचा नेलेला नाही. दर लेकरापाशी तो नवाच पेटतो. उष्टा होतच नाही.

मीनल तांब्या खाली ठेवते, आणि फळीवर हात घालून त्याच रंगाची लड ओढते. दोघी दुकानाच्या पायरीवर समोरासमोर बसल्या आहेत. लेकरू कुठं गेलं असं शालनताई विचारत नाहीत. जिथं असायला हवं तिथं, आठव्या महिन्यात, ते आहे. मीनल दोन्ही मनगटांवर लड ताणून धरते, शाळेतून आल्यावर धरायची तशी, आणि आई गुंडा वळू लागते. मीनल आईच्याच चालीत हलक्या आवाजात म्हणते:

लडीचा गं होई गुंडा, गुंड्याची गं होई कुंची
कुंचीत मावेना माया, दोघी आयांची

शालनताईंचा धागा अडतो. दोघी कोण, हे त्यांना कळलं आहे, आणि तेवढंच त्यांना झेपत नाही.

"ती विचारत होती," त्या खाली मान घालून म्हणतात, "तू रागावलीस का म्हणून."

"मग काय सांगितलंस?"

"काही नाही."

"राग तुझा आहे, आई," मीनल म्हणते. आवाज चढत नाही, लड हलत नाही. "तुझा तू ठेव, हवे तितके दिवस. त्याला माझं नाव कशाला लावतेस? ती पोर मला भिऊन रात्र रात्र जागते."

शालनताई लोकर वळत राहतात. गुंडा मोठा होतो, लड बारीक होते. मग खालच्या आवाजात त्या म्हणतात की टाकात तिनं तुला घडवलंय, गळ्यात बांधलंय, तिच्या परीनं ती जपतेच आहे.

"गुदमरायला होतं त्यात. पत्र्याला कुठून वारा? टाकात नको ठेवू मला. टाक्यात ठेव. टाक्याला भोक असतं, आरपार जाता येतं."

टाक आणि टाका. एवढी वर्षं दोन्ही शब्द तोंडात होते आणि ते शेजारी शेजारी कधी ऐकले नव्हते. शालनताई सावकाश वळू लागतात, आणखी सावकाश. धागा संपू नये म्हणून मुद्दाम बोटात घोळवतात. लेकीच्या मनगटांवर आता दोनचार फेरेच उरलेत.

"माझे हात भरून आले गं आई," मीनल म्हणते.

शालनताईंना वाटतं, म्हणावं, दुखू देत. म्हणावं, अजून एक लड धर, मग अजून एक. तोंड उघडतात आणि म्हणतात, "झालं बघ. सोड."

शेवटचा फेरा मनगटावरून निसटतो. मीनल हात झटकते, मनगटं चोळते. मग धाग्याचं टोक घेऊन आईच्या डाव्या तर्जनीवर सरकती गाठ बसवते आणि ओढून बेताची करते.

"पहिला टाका मी घातला. पुढचे तुझे."

"तिला काय सांगू?"

"भीती वाटली की कुंचीवर हात ठेव म्हणावं," मीनल म्हणते. टिकली अजून बाजूलाच आहे. शालनताई ती सरळ करायला हात पुढं करतात, आणि बोटाला गजांतलं ऊन लागतं.

बाहेर आबांनी पेपरची घडी घातली आहे. ऊन घोट्यांवरून सरकून थेट हातापर्यंत आलं आहे. शालनताई चटईवर पडल्या पडल्या हात डोळ्यांसमोर धरतात. डाव्या तर्जनीवर लोकरीचा एक टाका आहे. वीतभर शेपूट खाली लोंबतं. रंगाचं नाव त्यांना आत्ताही सांगता येत नाही.

सकाळी दुकानात पदराला चिकटून आला असेल, असं कुणी म्हणेल. म्हणू द्यावं. पण पदराला चिकटलेला धागा आपली आपण गाठ मारून बोटावर येऊन बसत नाही.

त्या उठून बसतात. बोट सरळ ताठ धरलेलं, टाका उतरू नये म्हणून. मग हाक मारतात, "अहो, माझ्या सुया कुठं ठेवल्यात बघा जरा. माझा हात मोकळा नाही."

आबा दारात येतात. आधी बोटाकडं बघतात, मग तोंडाकडं. चष्मा कपाळावर सारून, चाचरत विचारतात की कुणासाठी.

"कुणासाठी म्हणजे?" शालनताई म्हणतात. "लेकीला आठवा लागलाय, आणि तुम्ही विचारताय कुणासाठी."