किती हळू चालतो ते सांग

काशिनाथराव कागद गिरणीच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले त्याला दहा वर्षं झाली, पण खोड काही गेली नाही. लग्नपत्रिका हातात आली की आधी कागद उजेडाला धरून बघायचा, मग नवऱ्या मुलाचं नाव वाचायचं. खोक्यावर छापलेल्या मजकुरावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. बत्तीस वर्षं त्यांनी रिळातला ताव काढून तपासला आणि साहेब समोर उभा असला तरी नापासाला नापासच म्हटलं. बढती का मिळाली नाही, हे वेगळं सांगायला नको.

नोकरीत असतानाच त्यांना गाणी रेकॉर्ड करायचा नाद लागला. धूलकोटच्या त्यांच्या मावससासू, धुरपदाबाई, म्हणजे हळदीच्या गाण्यांची खाण. ती सगळी गाणी त्यांनी सीड्यांवर उतरवली आणि मग कागदवाल्यालाच सुचेल असा शहाणपणा केला. पेनानं नावं काय लिहायची, म्हणून चांगला जाड कागद गोल कापून खळीनं एकेका सीडीवर चिकटवला. दिसायला झोकात. वीस वर्षांनी तोच झोक अंगाशी आला.

धुरपदाबाई आता चौऱ्याऐंशीच्या. गेल्या वर्षी अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली. शुक्रवारी त्यांच्या नातीची, तृप्तीची हळद होती, आणि त्या घरातल्या एकाही मुलीला आजवर बाईंच्या गाण्याशिवाय हळद लागली नव्हती. ते गाणं फक्त सतरा नंबरच्या सीडीवर होतं. सीडी घातली की घरचा ड्राइव्ह थडथडायचा आणि तिला बाहेर ढकलायचा.

"फुवा, जाऊ द्या ना," तृप्ती फोनवर आपल्या आत्याच्या यजमानांना म्हणाली. "डीजे बोलावलाय. टेन्शन मत लो."

जाऊ द्या, हे शब्द काशिनाथरावांना शिवीसारखे लागतात. मंगळवारी सकाळी सीडी रुमालात गुंडाळून ते सिंधीपुऱ्यात ललितच्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन बसले.

"काका, आजकल सीडी कौन चलाता है?" ललित हसला.

"सल्ला मले नको देऊ भो. सीडी लिहिणारा ड्राइव्ह काढ. असतील तेवढे काढ."

ललितनं दोन नवे कोरे, पाटीसारखे पातळ ड्राइव्ह मांडले. "हे घ्या. एकदम फास्ट. वाचायला फास्ट, बर्निंगला पण फास्ट."

"फास्ट किती ते राहू दे. हळू किती चालतो ते सांग."

धंद्यात अठरा वर्षं काढलेल्या ललितला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. काशिनाथरावांनी समजावलं. वीस वर्षांत खळ वाळून कागद आक्रसलाय, त्याचा भार एका अंगाला जास्त पडलाय, म्हणून जोरात फिरली की सीडी हेलकावते आणि वाचता येत नाही.

"तो कागद निकाल दो ना!"

"कागद ओढला तर खालचा चंदेरी वर्ख संगं निघंल. गाणं त्याच वर्खात हाय."

पहिल्या ड्राइव्हचा ट्रे बोट लावताच लुळा पडला. नापास. दुसरा आवाज करत नव्हता, सीडीही घट्ट धरत होता, पण कॉम्प्युटरवरून वेग कमी करायला सांगितलं तर ऐकेना. आपल्याच तालात पळाला आणि अर्ध्या मिनिटात थकून थांबला.

"सीडीच खराब है काका."

"सीडीले नापास करणारा तू कोण? तपासणी ड्राइव्हची चालली हाय. तो खालचा काढ."

"वो तो भंगार है!"

मोडलेल्या कॉम्प्युटरमधून काढलेला तो ठोकळा होता. ट्रे अंगठ्यानं ढकलावा लागत होता. पण सर्वांत कमी वेग सांगितला तर त्यानं निमूट ऐकलं. दुकानात धुरपदाबाईंचा खणखणीत आवाज घुमला आणि ललितनं हातातला चहा खाली ठेवला. काशिनाथरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी लपवलं नाही.

शेवटची ओवी मात्र आली नाही. सीडी आतून बाहेर भरत जाते. ती ओवी अगदी कडेला होती, आणि हेलकावा कडेलाच सगळ्यात जास्त. चार वेळा पुसून, चार वेळा लावून पाहिली, तरी नाही.

"ड्राइव्हचा दोष नही," काशिनाथराव म्हणाले. "माह्या खळीचा हाय."

मिळालं तेवढं त्यांनी त्याच ड्राइव्हनं हळूहळू नव्या सीडीवर लिहिलं, मूळ गाण्याशी ताडून पाहिलं आणि वर मार्करनं नाव घातलं. तो भंगार ड्राइव्हही विकत घेऊन ते घरी आले.

शुक्रवारी धूलकोटला मांडवात सीडी लागली. बाजेवर टेकून बसलेल्या धुरपदाबाई आपलाच आवाज ऐकत राहिल्या. शेवटच्या ओवीशी गाणं तुटलं. ती ओवी बाईंनी स्वतः रचलेली होती. ती कायम त्याच म्हणायच्या, म्हणून घरात कुणी पाठच केली नव्हती.

डीजेवाल्या निलेशनं बटणाकडे हात नेला. "काका, आपलं चालू करू?"

"हात लावू नको!" काशिनाथराव उभे राहिले.

कौशल्याबाईंनी नवऱ्याची बाही ओढली. "बसा हो. बायकांचं गाणं हाय. तुम्ही तं जावई!"

"जावई असन नाहीतर कोणी असन. ओवी माह्यामुळे गेली. मीच म्हणीन." रेकॉर्ड करताना ऐकून ऐकून ती त्यांना पाठ झाली होती. आणि बिजागरीसारख्या कुरकुरत्या आवाजात त्यांनी सुरुवात केली:

दिल्या घरी जाते बाई, माहेर नाही सोडलं,
तापीमाईचं पाणी कोणी अंगणात कोंडलं?

बायकांनी तोंडाला पदर लावले. तेवढ्यात धुरपदाबाईंनी डावा हात बाजेवर आपटला. बाई थेट जावयाकडे रोखून बघत होत्या. चाल चुकली होती. त्यांनी बाजेवर ठेका धरला, आणि काशिनाथरावांनी ओवी पुन्हा पहिल्यापासून घेतली. पुन्हा हात आपटला. पुन्हा घेतली.

"फुवा, थांबा," हळदीनं माखलेली तृप्ती पाटावरून म्हणाली. "मले शिकवा. एकेक ओळ सांगा."

त्यांनी ओळ सांगितली, तिनं म्हटली, आणि आजीचा हात या वेळी ठेक्यावरच पडत राहिला.