तांडेलाचा पाय

तांडेल गाडी चालू करायच्या आधी ब्रेक दाबायचा. इंजिन बंद असतानाच, पुन्हा पुन्हा, पेडल दगडासारखं कडक होईपर्यंत. मग पाय तसाच दाबून धरायचा आणि चावी फिरवायचा. इंजिन खोकून जागं झालं की पायाखालचं पेडल आपोआप जरासं खाली बसायचं. ते बसलं की मान हलवून म्हणायचा, "हां, जागो आसा." मगच गाडी हलायची. ब्रेकला जोर देणारा बूस्टर जिवंत आहे की मेला, हे तपासायची त्याची ती रीत होती. मी शेजारच्या सीटवरून ओरडायचे, "अरे, बर्फ वितळतोय! पूजा झाली असेल तर निघ आता!" तो कधीही घाईने निघाला नाही.

तांडेल म्हणजे होडीचा कप्तान, हे आमच्या मढ गावात पोरांनाही ठाऊक असतं. हा मात्र मालवणकडचा, गिरणी कामगाराचा मुलगा, आणि पाण्याला भयंकर घाबरणारा. वर्सोव्याच्या तरीत बसायची वेळ आली की डोळे मिटून घ्यायचा आणि पलीकडे पोचल्यावरच उघडायचा. त्याला तांडेल हे नाव मी ठेवलं, तेही रागाने. नोकरीला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी त्याला म्हटलं, डावीकडून काढ. तो म्हणाला, "गाडी तुझी गो बाय, पण चाक माझ्या हातात आसा." मी म्हटलं, "तू काय तांडेल लागून गेलास काय?" तर हा शांतपणे म्हणतो, "तसोच समज."

आता होडी कोणाचीही असो, पाण्यात गेल्यावर शब्द तांडेलाचा, हा आमचा कायदा आहे. मालकसुद्धा होडीवर गप्प बसतो. माझ्याच तोंडून नाव निघालं होतं, ते परत कसं घेणार? तेव्हापासून गाडीच्या खाली माझा शब्द आणि गाडीच्या आत त्याचा, असं ठरून गेलं. ठरलं ते कागदावरच. मी आत बसूनही ओरडायचे. (त्याला मी अरे-तुरे करते म्हणून कोणी नाक मुरडू नका. आमच्यात बापालाही अरेच म्हणतात.)

माझी सुरुवात डोक्यावरच्या पाटीने झाली. नवरा गेल्यावर होडीतला आमचा वाटा विकून मी ही जुनी पिकअप घेतली. पहाटे मढच्या बंदरावर मासळी उचलायची, अंधेरीच्या हॉटेलांना द्यायची, मरोळला थोडी उतरवायची आणि उरलेली घाटकोपरच्या बाजारात. लोक म्हणायचे, बाई एकटी काय गाडीवर धंदा करणार? केला. पापलेटच्या भावावरून मी हॉटेलच्या मॅनेजरांना घाम फोडलेला आहे. अशी घासाघीस चालू झाली की तांडेल तोंड फिरवून टायर बघत उभा राहायचा. एकदा परत येताना म्हणाला, "तुझ्या तोंडाक ब्रेक आसा गो, पण बूस्टर नाय. थांबवूक लय जोर लागता." मी तीन सिग्नल त्याच्याशी बोलले नाही. चौथ्याला मलाच हसू आलं.

त्याचं एक वाक्य तो इतक्या वेळा म्हणायचा की मला चीड यायची. "पळता ती गाडी डिझेलची. थांबता ती डायवराची." गाडी किती पळते याचं त्याला काहीच नव्हतं. सर्व्हिस रोडवर शाळेची पोरं दिसली की बैलगाडीच्या वेगाने जायचा. मागून हॉर्न वाजले की म्हणायचा, "वाजवूदेत. त्यांका थांबूक येणा नाय म्हणून ते वाजयतत."

आमचं खरं भांडण व्हायचं ते गाडी धुण्यावरून. बंदरावर गाडी रिकामी झाली की मी खाडीच्या पाण्याच्या बादल्या मारून ती धुऊन घ्यायचे. हौदा, चाकं, बॉनेट उघडून आतसुद्धा. गोडं पाणी आमच्याकडे टँकरने येतं, ते काय गाडीवर ओतायचं? होड्या जन्मभर खाऱ्या पाण्यात राहतात, त्यांना काय होत नाही. तांडेल कपाळावर हात मारायचा. "होडी लाकडाची गो! ह्या लोखंड आसा." मी म्हणायचे, समुद्राने आमच्या पिढ्या पोसल्या, तो माझी गाडी खाईल होय?

एका दुपारी पवईच्या उतारावर गाडी थांबेना. मागे घाटकोपरला न्यायची मासळी आणि बर्फ, भार चांगलाच. तांडेलाने ब्रेक दाबला आणि पेडल लाकडासारखं कडक. तो दोन्ही पायांनी ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिला. गिअर खाली टाकला, पुन्हा खाली टाकला, हँडब्रेक खेचला. समोरच्या रिक्षाच्या मागच्या बंपरला टेकून गाडी थांबली. टेकली म्हणजे नुसती टेकली. रिक्षावाला उतरून शिव्या द्यायला लागला. मग मी उतरले. माझ्या शिव्या संपायच्या आधी तो निघून गेला होता.

मी जिंकून परत आले तर तांडेल जागचा हललेला नव्हता. उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरून समोर बघत बसला होता. "लागलं काय रे?" मी विचारलं. "नाय," म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "मरोळाक जाऊया." आणि चालण्याच्या वेगाने, पहिल्या गिअरमध्ये, तो गाडी मरोळला घेऊन गेला.

मरोळच्या गाळ्यात बशीर नावाचा ब्रेकचा कारागीर होता. त्याने बॉनेट उघडलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "अम्मा, गाडी समंदर में चलाती है क्या?" बूस्टरचं पत्र्याचं कवच गंजून चाळण झालं होतं; पहाटे कसंबसं टिकलं, उतारावर फुटलं. आत हवा शिरत होती, मग जोर कुठून येणार? तांडेल तेव्हा काहीच बोलला नाही. बोलला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

मी बशीरला म्हटलं, असाच दुसरा टाक, आणि भाव नीट सांग. तेव्हा तांडेल पुढे आला. "तसलो नको. मोठो घाल. दोन पडद्यांचो."

जुन्या बूस्टरमध्ये रबरी पडदा एकच असतो. नव्या गाड्यांत दोन पडद्यांचा येतो. त्याने जोर वाढतो आणि पेडल हलकं लागतं. बशीर म्हणाला, बसेल, पण मग नुसता बूस्टर नाही. जोडीचा मास्टर सिलिंडर लागेल, बसवायची पट्टी नवी करावी लागेल, हवेचा पाइपही नवा. माझं डोकं फिरलं. "म्हाताऱ्या गाडीला नवरीचा साज कशाला? तुम्हा दोघांचं काय ठरलंय काय?"

"हलको ब्रेक होयो," तांडेल म्हणाला. "बाकी काय ता तू बघ. ह्या मी मागतंय." आणि त्याचा हात पुन्हा गुडघ्याकडे गेला.

इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी बशीरशी भांडून भांडून त्याचा जीव खाल्ला, पण दोन पडद्यांचा बूस्टर घेतला. तांडेलाच्या गुडघ्यासाठी घेतला. हे ध्यानात ठेवा, कारण माझं गाऱ्हाणं इथूनच सुरू होतं.

बसवायच्या दिवशी त्याने मला चालवायच्या सीटवर बसवलं. मी म्हटलं, "मी कशाला? तू बस की." तो म्हणाला, "बशीरचो हात खाली आसा, माका वर बघूचा आसा. तू दाब." त्यानेच सीट पुढे ओढली, तिच्या रुळांना ग्रीस लावलं. मी लुगड्याचा काष्टा सावरून ब्रेक दाबत बसले, मालकीण असून हेल्परसारखी. बशीर खालून विचारत होता, "अम्मा, कैसा लगता है?"

"अम्मा कोणाला म्हणतोस रे? मऊ लागतंय. ताज्या बोंबलासारखं."

"आनखी हलको कर," तांडेल म्हणाला.

"चाचा, अब नहीं होगा. रॉड और लंबा किया तो ब्रेक पकड़ के बैठ जाएगा."

तांडेल खिडकीतून माझ्या पायाकडे बघत होता. "पुन्हा दाब. टाच टेकता मा खाली? हां." मग इंजिन चालू केलं. पेडल माझ्या पायाखाली जरासं खाली बसलं. पहिल्यांदाच मला ते जाणवलं. पाण्यात उभं असताना पायाखालची वाळू सरकते, तसं. "जागो आसा?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं.

त्या पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना, होड्या वर ओढलेल्या आणि सुकवणीची जागा मोकळी पडलेली असताना, तो मला गाडी शिकवायला लागला. मला वाटलं, रिकामा आहे, वेळ घालवतोय. मला तरी काय काम होतं? मुलगी लग्न करून बोरिवलीला. घरात मी आणि टीव्ही. रोज सकाळी आम्ही सुकवणीच्या बांबूंमधून चकरा मारायचो. आता तो डाव्या सीटवर आणि मी चाकावर. "ब्रेकवर उभी रवू नको. ता गिऱ्हाईक न्हय दाबून धरूक. पायान विचार, मग दाब." मी बांबू पाडला की तो उतरून उभा करायचा. मी परवाना काढला त्या दिवशी एवढंच म्हणाला, "आता थांबूक येता तुका." माझ्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी शाबासकी आहे, आणि मला तेव्हा ती टोमण्यासारखी लागली.

नारळी पौर्णिमेला आमचा सगळा गाव वाजत गाजत किनाऱ्यावर जातो. तांडेल पाण्याजवळ फिरकायचा नाही. तो दर वर्षी आपला नारळ गाडीच्या चाकापुढे फोडायचा. त्या वर्षी त्याने नारळ माझ्या हातात दिला. "औंदा तू फोड." मी फोडला. खोबऱ्याचा तुकडा त्याने बॉनेटवर ठेवला, एक मला दिला, एक स्वतः खाल्ला, आणि चालत बस स्टॉपकडे गेला. लंगडत होता. मी हाक मारून म्हटलं, "उद्या लवकर ये, पहिली मासळी येणार!" त्याने मागे न बघता हात वर केला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. बंदरावरच्या चहावाल्याने चावी माझ्या हातात ठेवली. "तांडेलाने दिलीय. म्हणाला, बाई चालवील." मी फोन लावला, लागेना. सगळी मासळी हौद्यात, वर बर्फ, आणि सगळे खलाशी माझ्याकडे बघतायत. त्यांच्यासमोर रडायची मी नव्हे. मी सीट पुढे ओढायला गेले, तर ती पुढेच होती. गाडी काढली. पवईच्या उतारावर आधी पायाने विचारलं, मग ब्रेक दाबला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. गावाहून.

"न सांगता गेलास?"

"सांगितला असता तर सोडलंस असता?"

"नाही."

"मगे?"

मी ओरडले, "तुझ्या गुडघ्यासाठी एवढा बूस्टर बदलला! हलका करून घेतलास ना?"

मग म्हणाला, "त्या दिवशी गाडी चुकली, पण मीव चुकलंय गो. पाय उचलूकच उशीर झालो. ब्रेक कितीव हलको केलो तरी काय, पाय येळार पोचणा नाय. तो बूस्टर माझ्यासाठी नव्हतोच."

"माझ्या गाडीत, मला न विचारता?"

"चाक माझ्या हातात होता," म्हणाला. आणि हसला असावा, कारण पुढचं नीट ऐकू आलं नाही.

त्यानंतर मी रागाने फोन केला नाही. तो कधीमधी करायचा. मासळीचं विचारायचा नाही, पाऊसपाण्याचं नाही, फक्त "ब्रेक कसो आसा?" मी म्हणायचे, "तुला काय करायचंय?" आणि मग सगळं सांगायचे. गेल्या शिमग्यानंतर त्याच्या पुतण्याचा फोन आला. दहावं-तेरावं सगळं आटोपल्यावर. म्हणजे तेव्हाही मला विचारलं नाहीच.

लोक म्हणतात, किती विचारी माणूस, तुझी सोय लावून गेला. असेल. माझं म्हणणं वेगळं आहे. मी आयुष्यात प्रत्येक गोष्टीचा भाव केला. मासळीचा, बर्फाचा, गाडीचा, नवऱ्याच्या वाट्याचा. या एकाच व्यवहारात मला तोंड उघडू दिलं नाही. मी त्याला गाडी चालवायला लावली नसती. मी म्हटलं असतं, डाव्या सीटवर बस. काही करू नको. नुसता बस आणि ओरड. पगार तोच. एवढ्यावर तो हो म्हणाला असता, मला खात्री आहे. माझ्यापुढे आजवर कोण टिकलंय?

आता गाडी गोड्या पाण्याने धुते. टँकरवाल्याशी रोज भांडते. पहाटे बंदरावर मासळी भरून होते, मी चाकावर बसते, पेडल कडक होईपर्यंत दाबते, मग पाय तसाच धरून चावी फिरवते. पेडल जरासं खाली बसतं. मी म्हणते, "हां, जागो आसा." आणि मग थोडा वेळ तशीच बसून राहते. बर्फ वितळत असतो. निघ म्हणून ओरडणारं शेजारी कोणी नसतं.