टँकर नसलेली तारीख

मी तोंडाची फटकळ. मुदखेडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये चार भावांत वाढले. तिथं गप्प बसणारीला भाकरीसुद्धा शेवटी मिळायची. वकील होऊन लातूरला आले तेव्हा जिल्हा नवा कोरा होता, कचेऱ्यांवरच्या पाट्यांचा रंग नीट वाळला नव्हता. दुष्काळ मात्र जुनाच. नवऱ्याच्या माराला कंटाळून आलेल्या, वकील न परवडणाऱ्या बायकांची कामं मी सरकारी कायदा मदत समितीतर्फे घ्यायची. लोक मला ‘फुकटची वकीलीण’ म्हणायचे. म्हणेनात का! केस तर मीच जिंकायची.

मुरुडकडच्या एका खेड्यातली पोरगी आली. हात मोडून वाकडाच जुळलेला, कडेवर वर्षाची लेक. भावाकडं राहत होती. मी पोटगीचा अर्ज टाकला. नवऱ्यानं कोर्टात हात जोडून सांगितलं, मी हिला बोटही लावलं नाही, हात विहिरीवर पडून मोडला, मी नांदवायला आजही तयार आहे. झालं! नवरा नांदवायला तयार असेल आणि बाईला न जाण्याचं सबळ कारण दाखवता आलं नाही, तर पोटगी मिळत नाही. भाऊ तसा भला, पण टेकीला आलेला. कोर्टानं पोटगी नाकारली तर मीच हिला सासरी नेऊन सोडतो, असं तो तिच्यासमोरच म्हणाला.

साक्षीदार पाहिजे होते. तिच्या सासरच्या गल्लीतल्या बायका रोजगार हमीवर खडी फोडायला जायच्या. मी तिथं गेले, दुपारी त्यांच्यात बसून भाकरी खाल्ली. सगळ्या भडाभडा बोलल्या, कोर्टात येतो म्हणाल्या. तारखेला एकही आली नाही. समोरचे वकील जज्जसाहेबांना म्हणाले, बघा, खरं असतं तर कुणीतरी आलं असतं. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली.

दुसऱ्या दिवशी मी गावात जाऊन बायकांना फाडफाड बोलले. पोरगीच्या सासरच्या घराला लागूनच राहणाऱ्या म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं सांगितलं की कालचा दिवस टँकरचा होता. टँकर एक दिवसाआड यायचा, विहिरीत रिकामा व्हायचा, आणि ज्या घरची बाई विहिरीवर नाही त्या घरात पुढच्या फेरीपर्यंत पाण्याचा थेंब नाही. मी चूपचाप तिच्या हातचा चहा घेतला आणि लातूर गाठलं.

पुढच्या वेळी मी साहेबांकडं टँकर नसलेली तारीख मागितली. समोरचे वकील हसले. साहेब हसले नाहीत. त्यांच्याही बंगल्यावर टँकरच येत होता. त्यांनी कॅलेंडर बघून तारीख दिली.

पण सासरा पक्का बेरकी. गावात टँकर कधी यायचा हे त्याच्याच शब्दावर ठरायचं. त्यानं नेमका त्याच दिवशी टँकर बोलावला. सकाळी पोरगीच्या भावानं ही बातमी आणली. आता पाणी सोडून कोण येणार आणि कशाला?

पुकारा व्हायच्या आत म्हातारी एस.टी.नं आली. एकटीच. गल्लीतल्या बायकांनी आपसांत ठरवलं होतं, तिच्या घागरी त्या भरून ठेवणार आणि त्यांच्या वाटचं ती बोलणार. मी भर व्हरांड्यात तिला मिठी मारली. लोक बघत होते, बघू दे.

समोरच्या वकिलांनी तिला विचारलं, मारताना तुम्ही डोळ्यांनी पाहिलं का?

“न्हाई. ऐकलं. ही वरडायची, तवा आमी समद्या जणी ताटं वाजवायचो. लेकरांच्या कानावर जाऊ न्हाई म्हणून. सांच्याला रोज वाजवायचो, सायेब.”

साहेबांनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला लावले. नंतरच्या तारखेला पोटगी मंजूर झाली, आणि निकालात न जाण्याचं सबळ कारण म्हणून ती ताटं आली. पोरगीला कुणी सासरी नेऊन सोडलं नाही.

पण साक्षीच्या दिवशी आम्ही तिघी बाहेर आलो, तेव्हा पोरगी म्हातारीसमोर उभी राहिली.

“काकू, तुमाला ऐकू येत व्हतं?”

“येत व्हतं, माय.”

“ताटं वाजायची, मला वाटायचं, तुमच्याकडं जेवाय बसलेत.”

म्हातारी तिथंच पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. पोरगीनं लेक माझ्याकडं दिली, म्हातारीशेजारी बसली आणि तिची पाठ चोळत राहिली.