काळा हुक्का

लिंबागणेश गावाच्या अलीकडं माळावर एका जहागीरदाराचा रंगमहाल होता. एके काळी तिथं कारंजी उडायची, मैफली झडायच्या. जहागीरदार गेला, कारंजी आटली, वटवाघळं आली. अन् त्यांच्या घाणीत वीस वर्षं झाडू मारत राहिली ती एकटी दगडाबाई. धनगराची बाई. नवरा मेंढरांमागं असताना पान लागून, साप डसून गेला. पोटी एकुलता लेक, कंबरेला महालाची किल्ली, अन् सरकारात नाव तेवढं रोजंदारीवर.

त्र्याण्णव साली महालाचं म्युझियम करायचं ठरलं. त्यासाठी सरकारी खात्याचे मोहनराव साहेब आले. माणूस भला. म्हणाले, "दगडाबाई, उद्घाटन नीट पार पडू द्या. तुम्हाला कायम करायचा कागद मी वर पाठवतोच." बाईनं त्या रात्री पोटभर भाकर खाल्ली.

साहेबांनी पेटाऱ्यातून बिदरी हुक्का काढून मेजावर मांडला. काळाभोर, अंगावर चांदीची बारीक वेल. "हा आपला खरा दागिना," ते म्हणाले. दगडाबाईला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावात लग्न निघालं की भांड्यांना तिलाच बोलावणं यायचं. तिनं घासलेल्या घागरीत तोंड दिसायचं. आता मंत्री येणार, अन् हुक्का असा काजळलेला?

उद्घाटनाच्या सकाळी तिनं चिंच भिजवली, चुलीतली राख घेतली अन् बसली घासत. जीव ओतून घासला हो! काळा रंग निघून गेला. खालून करडं जस्त वर आलं, अन् करड्यावर चांदीची वेल कुठली दिसायला? सगळी नक्षी गडप.

"बगा सायेब, कसा झालाय!"

साहेबांनी हुक्का उचलून उजेडाकडं धरला. "काय केलंत हे! अहो, तो काळा रंग कारागिरानं मुद्दाम चढवलेला होता. त्याच्यावरच तर वेल उठायची!"

"मला काय म्हाईत वो सायेब..." ती धावत गेली, ओंजळभर काजळी आणून हुक्क्याला फासत सुटली. काजळी हातांना लागली, पदराला लागली; हुक्क्याला काही धरेना.

कायमचा कागद कसला अन् काय! पुढच्या महिन्यात पहारा खासगी एजन्सीकडं गेला. तेव्हा जिकडंतिकडं तेच वारं होतं. तिची किल्ली काढून घेतली.

पुढं घरात सून आली, योगिता. बिचारी काळाठिक्कर हंडा पाहून चिंच घेऊन बसली, तर सासूनं हंडाच ओढून घेतला.

"कावून वो आत्याबाई? लोक हसतेत आपल्याला."

"हसू दी. काळा हाय, काळाच राहू दी," दगडाबाई म्हणाली. "या हातांनी लई उजेड पाडलाय, बाई."