रबरी टोकाची काडी

"मॅडम, तुमी फळा ह्या काडीनं चालवत जा. बोटाचे डाग पडतात."

मुख्याध्यापक सर हसून बोलले. हातभर लांब काडी, टोकाला काळं रबर. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर त्यांनी ती माझ्या हातात दिली. आणि मी काय केलं? थँक्यू सर म्हणाले. त्या थँक्यूची मला आजही किळस येते.

शाळा अंजनगाव सुर्जीच्या पुढे एका खेड्यातली, खाजगी संस्थेची. नवा डिजिटल फळा आला होता, बोट लावलं की चालणारा. सगळ्या वर्गांना मिळून एकच, वेगळ्या खोलीत बसवलेला. बसवणारा माणूस अमरावतीहून आला, अर्ध्या तासात घाईघाईनं दाखवून निघून गेला. कोणाला काही कळलं नाही. मी अख्खा रविवार शाळेत बसून शिकले. सोमवारी बाकी सहाही जणांना शिकवलं. चित्र कसं सरकवायचं, मोठं कसं करायचं, व्हिडिओ कुठे थांबवायचा. माझ्या बोटानं. मंगळवारी काडी आली.

सात जणांच्या स्टाफमध्ये बौद्ध मी एकटी.

वाटलं, सगळ्यांनाच काड्या येतील. आल्या नाहीत. शेजारच्या वर्गाचे गुरुजी मधल्या सुट्टीत चिवडा खायचे आणि तेच तेलकट बोट फळ्यावर फिरवायचे. तो डाग कोणाला दिसत नव्हता. माझा तास संपला की मात्र शिपाई ओलं फडकं घेऊन दारात उभा. फक्त माझ्या तासानंतर. तोही खाली मान घालून पुसायचा, सांगितलेलं काम म्हणून.

हे सगळं मला दिसत होतं. आंधळी नव्हते. पण नोकरी नवी, वाद नको, म्हणून गिळत राहिले. माय दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायची तेव्हा तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. ती सांगायची आणि मी तिला म्हणायचे, तू प्यायचीस तरी कशाला? मोठी शहाणी मी. आणि इथे पगारी मास्तरीण होऊन दोन महिने त्या काडीनं गणित शिकवत होते.

मग पाचवीचा तो तास. अपूर्णांक चालले होते. फळ्यावर भाकरीचे तुकडे, ते सरकवून अर्धी भाकर, पाव भाकर करायची. मुलं एकेक येऊन बोटानं सरकवत होती. समीक्षाला बोलावलं. आमच्याच बौद्धपुऱ्यातली, गणितात वर्गात पहिली. ती फळ्याजवळ आली आणि थांबली. हात पुढे केला, तो फळ्याकडे नाही, माझ्याकडे.

"मॅडम, काडी द्या ना."

"काहून?"

"आपल्याले काडीनंच करा लागते ना."

"कोनं सांगतलं तुले?"

"कोनी नाई. तुमी करता तसं."

वर्गात कोणी हसलं नाही. कोणाला त्यात वेगळं काही वाटलंच नाही. सरांची किळस होतीच, त्याहून जास्त माझी आली. सर नुसती काडी देऊन मोकळे झाले होते. धडा मी शिकवला. एक शब्द न बोलता, रोज, दोन महिने.

काडी टेबलावर ठेवली. अख्खा तळवा फळ्यावर टेकवला. भाकरीचे तुकडे भलतीकडेच गेले. समीक्षाला म्हटलं, बोटानं कर. तिनं आधी बोट फ्रॉकला पुसलं.

"पुसू नको."

मग तिनं पाव भाकर जागेवर नेली.

तास संपल्यावर ऑफिसात गेले. काडी सरांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, बाकी सहा जणांना लागत नाही, तर मलाही नको.

सर खुर्चीत मागे रेलले. "मॅडम, शाळेत जातपात कुठं आनता?"

मी जातीचं नावच काढलं नव्हतं.

तिथंच बसून गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज लिहिला. काडीचं लिहिलं, फडक्याचं लिहिलं. खाली पूर्ण सही, आडनावासकट. एक प्रत सरांच्या हातात दिली आणि पोच घेतली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या तासाला फळ्याच्या खोलीला कुलूप. किल्ली सापडत नाही म्हणतात. बाकीच्यांच्या तासाला बरोबर सापडते. संस्थेच्या सचिवांचा निरोप येऊन गेला, अर्ज मागे घ्या, नाहीतर अकोल्याकडच्या शाळेत बदली करू.

समीक्षानं परवा हळूच विचारलं, हे तिच्यामुळे झालं का. नाही म्हटलं. तिला पटलेलं दिसलं नाही.

करा बदली. अर्ज मागे घेणार नाही. जिथे पाठवाल तिथे जाईन. पहिल्या दिवशी आधी फळ्यावर हात ठेवीन, मग हजेरी घेईन.