रुमालाएवढी सीट

नाशिक रोडला टायपिस्टची नोकरी लागली, पण गावातून सकाळची बस मला मिळेना. रेटारेटीत मी मागे राहायचे आणि बस निघून जायची. साहेबांनी बजावलं होतं, "पुन्हा उशीर झाला तर येऊ नका."

घरच्या जाड डिक्शनरीत 'सीट'चे कितीतरी अर्थ होते. बसायची जागा, संसदेतली जागा, पँटचा मागचा भाग. शब्द जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आलेला, आपल्या 'सदन'शी लांबचं नातं सांगणारा. ती मिळवायची कशी, हे मात्र कुठेच नव्हतं.

ते दाखवलं एका बाईने. दवाखान्यात आया असावी. पांढरं पातळ, तोंडात बडीशेप. बस उभी राहताच ती खिडकीतून सीटवर रुमाल टाकायची आणि मग सावकाश चढायची. एके दिवशी तिने दोन रुमाल टाकले.

"ए चष्मेवाली, ये! तुझी सीट धरलीय."

एक गृहस्थ कुरकुरले, "रुमाल काय, कोणीही टाकेल."

"मग टाका की! तुमचा धुवायला गेलाय काय?"

सगळे हसले. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. ती म्हणाली, "रुमालाला तोंड नाय, पोरी. बोलावं आपल्यालाच लागतं."

दुसऱ्या दिवशी ती नव्हती. मी खिडकीतून रुमाल टाकला. चढले, तर एक माणूस तिथे बसून तो चिमटीत धरून विचारत होता, "कोणाचा हा?"

"माझा," मी म्हणाले. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. तो निमूट उठला.

त्या दिवशी ऑफिसचं कुलूप माझ्यासमोर उघडलं.